उन्हाळा सरताना लॉन: पाणी मुरतंय कुठे ते आधी बघा

उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे आले की वाचकांच्या प्रश्नांचा रोख ठरलेला असतो: पाणी तर देतोय, मग लॉन का वाळतंय? आणि उघडी पडलेली जागा आता भरून घ्यावी की थांबावं? उत्तरांकडे वळण्याआधी आपलं गवत कोणतं हे नक्की करा, कारण निम्मी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. हरळी, झॉयशिया, पास्पालम, सेंट ऑगस्टिन ही उष्ण हवेतली गवतं. २७ ते ३५ अंश सेल्सिअसला ती जोरात वाढतात. फेस्क्यू, राय, ब्लूग्रास ही थंड हवेतली. त्यांना १५ ते २४ अंश मानवतात आणि भर उन्हात ती वाढ थांबवून बसतात. पहिल्या गटाची डागडुजी ऊब आहे तोवर उरकायची, दुसऱ्या गटाची उन्हाचा जोर ओसरल्यावर हाती घ्यायची.

प्रश्न: साधारण ६० चौरस मीटरचं हरळीचं लॉन आहे. रोज संध्याकाळी न चुकता १५ मिनिटं पाइपने पाणी देतो. तरी दुपारी गवत मलूल होतं आणि माती पाहावी तर कोरडी. पाणी वाढवू का?

वाढवू नका, आधी मोजा. १० लिटरची बादली पाइपखाली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते बघा. समजा ४० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. १५ मिनिटांत २२५ लिटर. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हा हिशोब लक्षात ठेवला की पुढचं सोपं होतं: २२५ लिटर ६० चौरस मीटरवर पसरले की पडलं पावणेचार मिलिमीटर. एवढ्यात वरची दोन-तीन सेंटिमीटर माती भिजते आणि दुसऱ्या दुपारपर्यंत ती ओल उडूनही जाते.

आता आठवड्याची बेरीज करा. सात दिवसांचे १,५७५ लिटर, म्हणजे २६ मिलिमीटर. उष्ण हवेतल्या गवताला कडक उन्हात आठवड्याला लागतंही साधारण २५ मिलिमीटरच. (थंड हवेतलं गवत हिरवं राखायचं असेल तर ३० ते ३५.) म्हणजे पाणी तुम्ही पुरेसं देताय, वाटणी चुकते आहे. ओल वरच राहते, म्हणून मुळंही वरच राहतात, आणि वरची माती तापली की ती मुळं सर्वात आधी होरपळतात.

तेच पाणी आठवड्यातून दोनदा द्या, प्रत्येक वेळी ५० मिनिटं. माती रेताड असेल तर तीनदा, कारण रेताड माती एका वेळी जास्त ओल धरून ठेवत नाही. मात्र हा बदल एका दिवसात करू नका. उथळ मुळांना चार दिवसांची ओढ सोसणार नाही. पहिला आठवडा एक दिवसाआड, पुढचा आठवडा दोन दिवसांआड, मग आठवड्यातून दोनदा. प्रत्येक पाळीनंतर दोन तासांनी लांब स्क्रूड्रायव्हर मातीत दाबून बघा. तो १२ ते १५ सेंटिमीटर सहज गेला पाहिजे. सहा-सात सेंटिमीटरवर अडला तर पाणी तिथपर्यंतच पोचलंय.

वेळ पहाटेची बरी: वारा कमी, बाष्पीभवन कमी, आणि ऊन चढलं की पाती लगेच सुकतात. संध्याकाळी दिलेलं पाणी पात्यांवर रात्रभर राहतं आणि बुरशीला तेच हवं असतं. पाइप हातात धरून कुणी ५० मिनिटं उभं राहत नाही, दहाव्या मिनिटाला कंटाळा येतोच. साधा फिरता स्प्रिंकलर जोडा. आणि दुपारी पाणी दिल्यास थेंबांनी भिंगासारखी पाती जळतात ही समजूत खोटी आहे. दुपारचं पाणी वाया जास्त जातं, एवढाच त्यात तोटा.

पुढची पाळी कधी द्यायची हे कॅलेंडरपेक्षा गवत नीट सांगतं. रंग निळसर-राखाडी होतो, पाती लांबीने दुमडतात आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे काही मिनिटं तसेच राहतात. हे दिसलं की लगेच येणाऱ्या पहाटे पाणी द्या.

प्रश्न: आमची माती चिकण आहे. वीस मिनिटांतच पाणी वाटेवर वाहायला लागतं आणि खोदून पाहिलं तर आत कोरडं. जास्त वेळ पाणी द्यायचं तरी कसं?

तोडून तोडून. एकदा वरचा थर भिजला की चिकण माती तासाला जेमतेम दोन ते पाच मिलिमीटर पाणी आत घेते, आणि जागेवर फवारा मारणारे साधे पॉप-अप (जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर) तासाला ३५ ते ४० मिलिमीटर ओततात. उरलेलं वाहणारच. पाणी सुरू करून घड्याळ लावा आणि पृष्ठभागावर ते साचून सरकायला किती मिनिटं लागतात ते बघा. आठ मिनिटं लागली तर एक फेरी सात मिनिटांची. मग पाऊण तास थांबा, पुन्हा सात मिनिटं, पुन्हा थांबा. तीन-चार फेऱ्यांत तेवढंच पाणी वाहून न जाता मुरतं. टायमर असेल तर त्यावर एकाच पहाटेच्या वेगवेगळ्या वेळा लावता येतात. तासाला १० ते १५ मिलिमीटर देणारे फिरते रोटर असतील तर फेऱ्या लांब आणि कमी ठेवा.

दुसरं काम माती मोकळी करण्याचं. पोकळ दातांच्या यंत्राने दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या कांड्या उपसून काढतात. खोली सात ते दहा सेंटिमीटर, दोन भोकांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर. यंत्र नसेल तर दातेरी फावडं रोवून हलकंसं मागेपुढे हलवा. त्यात माती बाहेर निघत नाही, उलट बाजूची थोडी दाबली जाते, पण न करण्यापेक्षा बरं. हे काम वाफशावर करा. चिखलात केलं तर भोकांच्या भिंती लिंपल्या जातात, आणि टणक कोरड्या मातीत दात घुसतच नाहीत. गवत वाढीत असताना करायचं हे महत्त्वाचं, म्हणजे थंड हवेतल्या गवताला उकाडा संपेपर्यंत हात लावू नका. उपसलेल्या कांड्या वाळल्या की दंताळ्याच्या पाठीने तिथेच फोडून पसरा.

आणि चिकण मातीत वाळू मिसळून ती भुसभुशीत करण्याचा मोह टाळा. थोड्या वाळूने माती आणखी घट्ट बसते. चाळलेलं कंपोस्ट वापरा.

प्रश्न: स्प्रिंकलर चारही कोपऱ्यांत आहेत, पण लॉनवर हिरवी वर्तुळं आणि मध्ये तपकिरी पट्टे. वेळ वाढवली तर हिरवा भाग चिखल होतो.

वेळ वाढवून हा दोष कधीच जात नाही. सरळ भिंतींचे सहा-आठ सारखे डबे हिरव्या आणि तपकिरी अशा दोन्ही जागी ठेवा, १५ मिनिटं पाणी चालवा आणि पट्टीने खोली मोजा. चारने गुणलं की तासाचे मिलिमीटर. सगळ्या डब्यांत पाच मिलिमीटरच्या आसपास असेल तर तासाला २०, म्हणजे १२ मिलिमीटरच्या पाळीला ३६ मिनिटं. पण एकात तीन आणि दुसऱ्यात आठ निघाले तर दोष वाटणीत आहे.

आधी फुकटात होणारं बघा. नोझलखालची जाळी काढून धुवा. वाळूच्या दोन कणांनीही फवाऱ्याचा एक भाग बंद होतो. तिरका झालेला पॉप-अप सरळ करा. गवतात बुडालेला वर उचला, नाहीतर फवारा समोरच्याच पात्यांवर आपटतो. मग दाब. पाणी धुक्यासारखं उडत असेल तर दाब जास्त आहे. साध्या पॉप-अपना सुमारे दोन बार, रोटरना तीन बार पुरे. धारा जाड पडून एका वर्तुळावरच पाणी कोसळत असेल आणि त्याच्या आत-बाहेर कोरडं राहत असेल तर दाब कमी: एका वॉल्ववर जास्त तोंडं लावली गेली असावीत.

आता मांडणी. एका स्प्रिंकलरचं पाणी पुढच्याच्या पायापर्यंत पोचायलाच हवं, कारण प्रत्येक तोंड दूरवर विरळ पाणी टाकतं आणि ती तूट शेजाऱ्याने भरायची असते. दोन वर्तुळं कडेला जेमतेम भेटतील अशी मांडणी केली की मध्ये तुमच्यासारखे पट्टे उमटतात. रोटर असतील तर आणखी एक गोम आहे. कोपऱ्यातला पाव वर्तुळ फिरतो, मधला पूर्ण. दोघांना एकच नोझल असेल तर तेवढ्याच वेळात कोपऱ्यावर चौपट पाणी पडतं. अर्ध्या वर्तुळाचं नोझल पाव वर्तुळाच्या दुप्पट, पूर्ण वर्तुळाचं चौपट पाणी सोडणारं हवं. नोझल बदलणं पाच मिनिटांचं काम, पण रोटर बसवणारे ते क्वचितच करतात.

प्रश्न: तीन आठवडे बाहेर होतो. फेस्क्यू पूर्ण तपकिरी झालंय. मेलं की झोपलं?

मूठभर गवत धरून ओढा. सहज उपटून हातात आलं तर गेलं. घट्ट धरून राहिलं तर आशा आहे. मग पात्यांच्या बुडाचा पांढरट गाभा बघा, जिथून मूळ आणि पातं दोन्ही फुटतात. तो टणक, पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर झाड जिवंत. तपकिरी आणि ठिसूळ असेल तर नाही. खात्री हवी असेल तर चौरस मीटरभर जागेवर दहा-बारा दिवस नीट पाणी देऊन बघा.

जिवंत असेल तर दोन रस्ते, आणि त्यांतला एकच निवडा. हिरवं करायचं तर नियमित खोल पाणी. नाहीतर झोपू द्या आणि दर दोन-तीन आठवड्यांनी १२ मिलिमीटर द्या. त्याने पाती हिरवी होत नाहीत, पण गाभा तगून राहतो. आज जागं करायचं आणि पुढच्या आठवड्यात पाणी तोडायचं, यातच गवत जास्त मरतं, कारण साठवलेलं अन्न प्रत्येक वेळी नव्या पात्यांवर खर्च होतं. झोपलेल्या लॉनवर खत नको, कापणी नको आणि पायांची वर्दळ तर नकोच.

प्रश्न: जागोजागी गवत वाळलंय. पाणी देऊन उपयोग नाही. पक्षी येऊन उकरतात.

हुमणीचा, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या अळीचा संशय. वाळलेल्या भागाच्या कडेला गवत हाताने वर ओढा. चटईसारखं उचललं गेलं तर मुळं खाल्ली गेली आहेत. ३० सेंटिमीटर चौरस कापून सात-आठ सेंटिमीटर खोल माती चाळा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या अळ्या मोजा. हेच तीन-चार ठिकाणी करा, आणि अर्धं वाळलेलं, अर्धं हिरवं अशा सीमेवर करा, पूर्ण मेलेल्या जागी नाही. तिथलं खाणं संपवून त्या पुढे सरकलेल्या असतात. एका चौकोनात चार-पाच निघाल्या तर नीट पाणी मिळणारं लॉन ते सोसतं. आठ-दहा आणि वर असतील तर उपाय करा.

कीड मारणारे सूत्रकृमी किंवा मेटारायझियम बुरशी चालते, पण दोन्ही जिवंत औषधं आहेत. ताजा साठा घ्या, ऊन उतरल्यावर टाका, आधी आणि नंतर पाच-सहा मिलिमीटर पाणी द्या आणि आठवडाभर ओल मोडू देऊ नका. कोरड्या मातीवर भर दुपारी टाकलेले सूत्रकृमी काही तासांत संपतात. रासायनिक औषधं लहान अळीवर चालतात. बोटाएवढी जाड झालेली अळी फारशी दाद देत नाही, तेव्हा मोठी अळी दिसली म्हणून दुप्पट मात्रा ओतू नका. लॉनमध्ये फुलं आलेलं तण असेल तर फवारणीआधी कापून घ्या, मधमाश्या त्यावर येतात. दुरुस्ती मात्र हुमणी आटोक्यात आल्यावरच. नवी कोवळी मुळं त्यांना जुन्यांपेक्षा सोपी.

प्रश्न: फूट-दोन फुटांची तपकिरी वर्तुळं आली आहेत. पाणी वाढवलं तर ती मोठी होतात.

पाणीच त्यांना वाढवतंय. पहाटे दव असताना वर्तुळाच्या कडेला धुरकट काळसर कड दिसली तर ही रायझोक्टोनिया बुरशी. रात्रीचं तापमान २० अंशांच्या वर, पाती दहा-बारा तास ओली आणि नत्र भरपूर, या तिन्ही गोष्टी जुळल्या की ती पसरते. संध्याकाळचं पाणी बंद, नत्र बंद, कापणी फक्त कोरड्या गवताची.

चार-सहा सेंटिमीटरचेच फिकट ठिपके असतील आणि पात्यावर तपकिरी कडेचा वाळका पट्टा असेल तर तो वेगळा रोग, डॉलर स्पॉट. तो बहुतेकदा उपाशी, कोरड्या लॉनवर येतो आणि थोड्या नत्राने हटतो. म्हणजे एकाला खत तोडायचं, दुसऱ्याला द्यायचं. न ओळखता बुरशीनाशक मारण्याआधी पातं भिंगाखाली बघा.

प्रश्न: उघड्या पडलेल्या जागी दोनदा बी टाकलं. एकदा उगवलंच नाही, दुसऱ्यांदा उगवून आठवड्यात गेलं. नीट पद्धत सांगा.

दोन वेगवेगळे बिघाड आहेत. उगवलंच नाही, म्हणजे बियाणं मातीला टेकलं नाही, तापमान जुळलं नाही, किंवा तण उगवू न देणारं औषध आधी मारलेलं होतं. हे शेवटचं लोक विसरतात: अशी औषधं दोन ते चार महिने गवताचं बीही रोखून धरतात. उगवून गेलं, म्हणजे ओल तुटली. फुगून कोंब काढलेलं बी एका तापलेल्या दुपारी वाळलं तर पुन्हा उठत नाही.

ही जागा का उघडी पडली, ते आधी शोधा. दगडविटांचे तुकडे पुरलेत का, पायवाट पडलीये का, झाडाची मुळं ओल खेचतायत का. हरळीला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. सावलीत ती कितीही वेळा लावा, विरळच होणार.

मेलेलं गवत आणि त्याखालचा वाळक्या काड्यांचा थर खरवडून काढा. कडेच्या चांगल्या गवतात चार-पाच सेंटिमीटर आत शिरा, म्हणजे जोड दिसत नाही. माती सहा-सात सेंटिमीटर खोल मोकळी करा, दोन सेंटिमीटर जाडीचं चाळलेलं कंपोस्ट मिसळा, पायाने हलकं दाबा आणि पातळी आजूबाजूच्या मातीइतकी ठेवा. नंतर ती बसतेच, म्हणून केसभर उंच असली तरी चालेल.

बियाणं चौरस मीटरला हरळीचं ५ ते १० ग्रॅम, ब्लूग्रासचं १० ते १५, रायचं २५ ते ३५, फेस्क्यूचं ३० ते ४०. हरळीचं बी इतकं बारीक असतं की हाताने समान पडत नाही. चार-पाच पट कोरड्या वाळूत मिसळून आधी उभं, मग आडवं फेकून पेरा. जास्त टाकलं म्हणजे दाट येईल असं नाही, गर्दीत रोपं एकमेकांना खातात आणि बुरशी धरते. दंताळ्याची पाठ फिरवून बी तीन ते सहा मिलिमीटर मातीखाली जाऊ द्या, वरून पाय किंवा फळी दाबा, आणि ओल टिकायला पातळ पेंढा किंवा गोणपाट. गोणपाट कोंब दिसताच त्याच संध्याकाळी उचला. दोन दिवस उशीर झाला तर कोंब त्याच्या विणीत अडकतात.

पाणी इथे पहिल्या प्रश्नाच्या अगदी उलट. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दोन-तीन मिलिमीटर, झारीने किंवा बारीक फवाऱ्याने. वरचा एक सेंटिमीटर कधीच फिकट दिसता कामा नये. राय पाच-सात दिवसांत उगवतं, फेस्क्यू एक-दोन आठवड्यांत, हरळी दहा दिवस ते तीन आठवडे, ब्लूग्रास दोन ते चार आठवडे. राय आणि ब्लूग्रासचं मिश्रण पेरलं असेल तर राय उगवलेलं बघून पाणी कमी करू नका, ब्लूग्रास अजून मातीतच असतं. रोपं चार सेंटिमीटरची झाली की दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड, असं हळूहळू खोल पाण्याकडे या. मातीचं तापमान हरळीसाठी १८ अंशांच्या वर हवं. थंड हवेतल्या गवतासाठी १० ते १८ उत्तम.

एक अडचण बी घेण्याआधीच समजून घ्या. टिफवे ४१९ सारखी संकरित हरळी वांझ असते, तिचं बी मिळतच नाही. अशा लॉनमध्ये साध्या हरळीचं बी टाकलं तर ठिगळ जन्मभर वेगळं दिसतं. सेंट ऑगस्टिनही बहुतेकदा कांड्यांवरच लावतात. इथे आपल्याच लॉनच्या कडेचे पाच-सात सेंटिमीटरचे ठोंब काढून १५ सेंटिमीटरवर लावा. हरळी उबेत महिना-दीड महिन्यात जागा भरते, झॉयशिया फार सावकाश. तिच्यासाठी ठोंब जवळजवळ लावा किंवा सरळ तयार लॉनच्या गादीचा (मातीसकट कापलेल्या गवताचा) तुकडा बसवा. उष्ण हवेतल्या गवताच्या या सगळ्या कामांना थंडी पडण्याआधी दोन महिने तरी हाती हवेत.

प्रश्न: तयार लॉनच्या गाद्या टाकल्या. आठवड्यात जोड उघडे पडले आणि कडा वाळल्या.

गादी आखडली, कारण ती वाळली. कडा सर्वात आधी वाळतात, दोन बाजूंनी हवा लागते ना. फटीत चाळलेली माती आणि कंपोस्ट दाबून भरा आणि कडांना झारीने वेगळं पाणी द्या. गादी ओढून फट बुजवू नका, पुढची फट उघडते.

पुढच्या वेळी: खालची माती दहा सेंटिमीटर मोकळी, ओली आणि वाटेपेक्षा दोन सेंटिमीटर खाली ठेवा. माती तयार झाल्यावरच गाद्या मागवा. गुंडाळ्या ढिगात आतून तापतात आणि उन्हाळ्यात दिवसभरात पिवळ्या पडतात. जोड विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक, कडा घट्ट भिडवून. लगेच रूळ फिरवा आणि २० ते २५ मिलिमीटर पाणी द्या. कोपरा उचलून बघा, खालची मातीसुद्धा ओली हवी. बरेचदा गादी चिंब आणि तिच्याखाली धूळ असते, मग मुळं खाली जातीलच कशाला? दहा-चौदा दिवस रोज पाणी, उष्ण वारा असेल तर दोनदा. कोपरा ओढल्यावर उचलला जाईना, की पाळ्या लांबवायला सुरुवात करा.

प्रश्न: दुरुस्त केलेल्या प्रत्येक जागी लव्हाळा फुटतो.

मातीबरोबर आणला जातोय किंवा आधीपासून खाली गाठी आहेत. त्रिकोणी दांड्यावरून तो ओळखू येतो. उपटला की पातं हातात येतं, गाठ खाली राहते आणि साखळीतल्या पुढच्या गाठीही जाग्या होतात. दुरुस्तीची माती खोदताना गाठी चाळून काढा. बाहेरची माती टाकण्याआधी कुंडीत घालून दोन आठवडे ओली ठेवा आणि काय उगवतं ते बघा. सतत ओल्या मातीत लव्हाळा गवतावर मात करतो, म्हणून पाण्याच्या पाळ्या लांबवल्यानेही त्याचा जोर उतरतो. हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक तीन ते पाच पानांच्या अवस्थेत चालतं, पण ते जुन्या, रुजलेल्या लॉनवरच. वेष्टनावर आपल्या गवताचं नाव आहे का ते वाचून घ्या.

प्रश्न: कपडे धुतलेलं पाणी लॉनला चालेल का? बोअरचं पाणी खारट आहे.

पहिलं साबणाचं पाणी नको. त्यातल्या सोडियमने चिकण मातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो आणि पुढे साधं पाणीही मुरेनासं होतं. खळबळलेलं दुसरं-तिसरं पाणी चालतं, पण साध्या पाण्याशी आलटून-पालटून. ते थेट मातीवर सोडा, स्प्रिंकलरमधून उडवू नका, आणि साठवून ठेवू नका. एका दिवसात ते सडायला लागतं. ब्लीच घातलेलं पाणी बिलकूल नाही.

खारट पाण्याची चालकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) प्रयोगशाळेतून तपासून घ्या. ०.७५ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर काळजी नाही. त्यापुढे हरळी बरंच सोसते, पास्पालम त्याहून जास्त. थोडं थोडं पाणी देणं इथे सर्वात वाईट: पाणी उडतं, मीठ मुळांशी राहतं, पात्यांची टोकं जळतात. प्रत्येक पाळीत दहा-वीस टक्के जादा पाणी देऊन मीठ मुळांखाली ढकला. अर्थात निचरा असेल तरच. जिप्सम फक्त सोडियमवर काम करतं, इतर क्षारांवर नाही.

प्रश्न: पिवळं पडलंय म्हणून आता युरिया टाकू का?

तहानेने पिवळं असेल तर नाही. कोरड्या मातीत खताचे क्षार मुळांतलंच पाणी ओढतात. पाणी नीट मिळतंय आणि गवत वाढीत आहे, तेव्हा चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र पुरे, म्हणजे साधारण ११ ग्रॅम युरिया. पाती कोरडी असताना टाका आणि लगेच पाच-सहा मिलिमीटर पाणी द्या. थंड हवेतल्या गवताला उकाडा संपताच. उष्ण हवेतल्याला कडाक्याची थंडी पडण्याआधी दीड महिना नत्र थांबवा.

प्रश्न: लॉनमध्ये खळगे पडलेत.

दोन-तीन सेंटिमीटरचे असतील तर तिथलीच चाळलेली माती एका वेळी एक सेंटिमीटर पसरवा. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत, ती मातीबाहेर नीट वाढली की पुढचा थर. त्याहून खोल असेल तर गवतावर इंग्रजी एच आकाराचा काप द्या, दोन्ही पदर उलटा, खाली माती भरून दाबा आणि पदर परत बसवून पाणी द्या.

प्रश्न: पाळलेल्या कुत्र्याच्या मूत्राचे डाग?

मधे जळकं, भोवती गर्द हिरवं कडं, ही नत्र जास्त झाल्याची खूण. लगेच, निदान काही तासांत, त्या जागी पाच-दहा लिटर पाणी ओता. जळून गेली असेल तर आधी दोनदा भरपूर पाणी देऊन क्षार धुवा, मगच बी किंवा ठोंब.

प्रश्न: नव्या ठिगळाची पहिली कापणी कधी? आणि तोपर्यंत बाकीच्या लॉनचं काय?

बाकीचं नेहमीसारखं कापा, फक्त उन्हाळाभर उंची थोडी जास्त ठेवा: हरळी तीन-चार सेंटिमीटर, सेंट ऑगस्टिन सात-आठ, फेस्क्यू आठ-नऊ. नव्या भागावरून यंत्र नेऊ नका. ठिगळ ठरलेल्या उंचीच्या दीडपट झालं की पहिली कापणी. सहा सेंटिमीटर ठेवायचं असेल तर नऊला. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आदल्या दिवशी पाणी देऊ नका, माती घट्ट असू द्या. यंत्राचं पातं त्याच सकाळी धार लावलेलं हवं, कारण बोथट पातं कोवळं रोप कापत नाही, मुळासकट उपटतं. तणनाशक तीन-चार कापण्या झाल्याशिवाय त्या भागावर नको. तोवर तण हाताने, आणि माती ओली असतानाच, शेजारच्या रोपांवर बोट दाबून धरून काढा.